गाडी पाणी पिते

पहाटेच्या धुक्यात सासऱ्यांचा खोकला ऐकू आला, की सुबिलागा हातातलं काम टाकून केळीच्या आड व्हायची. तो खोकला आजाराचा नव्हता. मी येतोय, सुनेनं बाजूला व्हावं, एवढाच त्याचा अर्थ. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं सासऱ्यांचं तोंड समोरून पाहिलं नव्हतं, त्यांचं नाव उच्चारलं नव्हतं, आणि त्यांच्या कानावर तिचा आवाज पडलाच असेल तर तो भिंतीपलीकडून. खालच्या आळीतल्या सुना आता सासऱ्याच्या हातात चहाचा कप देत होत्या, चर्चमध्ये एकाच बाकावर बसत होत्या. या घरात तसं नव्हतं. सासरे जुन्या वळणाचे होते. खरं सांगायचं तर सुबिलागाला त्याचा जाच वाटत नसे. समोर न येणाऱ्या माणसाला उत्तरं द्यावी लागत नाहीत.

ती केळीआडून बघत होती. सासरे पिकअपच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसले आणि रात्रभर इंजिनाखाली पसरून ठेवलेलं केळीचं पान त्यांनी ओढून काढलं. उजेडाकडे धरून वरून खालून पाहिलं.

"थेंब नाही," ते भाच्याला म्हणाले.

भाचा, ग्वाकिसा, बॉनेट उघडून रेडिएटरच्या तोंडात बोट घालून उभा होता. "आणि इथं बोट बुडत नाही, मामा. काल काठोकाठ भरलं होतं."

"मग गेलं कुठं? तू प्यायलास?"

"ओढ्याचं पाणी मी कशाला पिऊ? माझं पिणं वेगळं आहे, सगळ्या गावाला माहीत आहे."

सासरे हसले नाहीत. त्यांनी तेलाची पट्टी बाहेर काढली, अंगठ्यावर पुसली, नाकाशी नेली. तेल काळंच होतं. पाणी मिसळलं असतं तर ते दुधाळ झालं असतं. त्यांनी पट्टी परत खुपसली आणि बॉनेट आपटलं. पाना फेकून द्यावा तसे ते हल्ली सगळंच आपटत होते.

गाडी जुनी होती. त्यांच्या तरुणपणीच कुणाच्या तरी हातून उतरलेली, दारं वेगळ्या रंगाची, पण रुंग्वे डोंगराच्या त्या उतारावर तिच्याशिवाय केळी बाजारात जात नव्हती. दर गुरुवारी पहाटे घड भरायचे आणि घाट चढून म्बेया शहरात न्यायचे. आणि गेल्या काही महिन्यांपासून त्याच गुरुवारी बुपेचंही इस्पितळ असायचं.

बुपे सुबिलागाची मुलगी. जन्मतःच तिचा डावा पाय आत वळलेला होता, तळवा वर बघत असल्यासारखा. इस्पितळात तो दर आठवड्याला थोडा थोडा सरळ करत आणि मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर घालत. पुढच्या गुरुवारी ते काढायचं, पाय अजून थोडा वळवायचा, नवं घालायचं. प्लास्टर तेवढं कोरडं राहिलं पाहिजे. मार्च-एप्रिलच्या मुसळधार पावसाच्या दिवसांत, जिथं वाळत घातलेलं कापड हिरवं पडतं, तिथं कोरडं राहणारी जागा एकच. गाडीची केबिन.

सुबिलागा केबिनमध्ये बसू शकत नव्हती. तिथं गाडी चालवायला सासरे असत. म्हणून बुपेला घेऊन सासूबाई पुढं बसायच्या, आणि सुबिलागा मागं, केळीच्या घडांवर, ताडपत्रीखाली, ग्वाकिसाशेजारी. मागच्या छोट्या काचेतून तिला सासूबाईंचं फडकं बांधलेलं डोकं दिसायचं. बाळ दिसायचं नाही.

"आई, तिला मांडीवरच ठेवता ना?" ती दर खेपेला विचारायची.

"घाटात गारठा किती असतो. खाली पायाशी टोपलीत ठेवते. तिथं गरम वारं येतं," सासूबाई म्हणायच्या. "तिचं अंग कसं शेकून निघतं बघ. तुझ्यासारखी थंड नाही पडत."

त्या गुरुवारी इस्पितळात नर्सनं बुपेची टाच अंगठ्यानं दाबली आणि अंगठा आत गेला.

"हे काय आहे?"

सुबिलागानं वाकून पाहिलं. प्लास्टर टाचेकडे लगद्यासारखं झालं होतं.

"धुतलंस ना तिला?" नर्स म्हणाली. बाकावर बसलेल्या सगळ्या बायकांनी माना वळवल्या. "शिकलेल्या बायका आम्हाला जास्त छळतात. अडाणी बाई ऐकते तरी. तुम्हाला पोर स्वच्छ पाहिजे."

"मी धुतलं नाही. पावसात नेलंही नाही."

"मग पाणी आभाळातून आत आलं असेल."

कुणीतरी हसलं. सुबिलागा शिक्षकांच्या कॉलेजात दोन वर्षं होती, वर्गात बोलायची तिला सवय होती. पण त्या वेळी तिनं नुसती बुपेची टाच हातानं झाकली. परतताना ती घडांच्या रिकाम्या जागी बसून मागच्या काचेतून बघत राहिली. आतून काचा आंधळ्या झाल्या होत्या. सासरे फडक्यानं समोरची काच पुसत होते, पुन्हा पुसत होते. बाहेर धुकं होतंच. गाडी उतारावर लागली तशी तिला काचेतलं डोकंही दिसेनासं झालं.

मिस्त्री लुटेन्गानो तुकुयुहून आला. त्यानं पहाटेच्या गारठ्यात गाडी सुरू करायला लावली आणि मागं जाऊन धुराकडे बोट दाखवलं.

"पांढरा. बघितलात?"

"थंडीत सगळ्यांचाच पांढरा असतो," सासरे म्हणाले.

"सगळ्यांच्या गाड्या पाणी पीत नाहीत, म्हातारबा. खाली थेंब नाही, तेलात पाणी नाही. मग उरलं काय? इंजिनच पितंय आणि धुरातून सोडतंय. गॅस्केट गेलंय. इंजिनाचं हेड उघडावं लागेल."

भिंतीच्या या बाजूला सुबिलागा बुपेला पाजत होती. तिला गाडीतलं काही कळत नव्हतं. पण टाच ओली झाली होती, हे तिला ठाऊक होतं, आणि गाडीचं पाणी हरवत होतं हेही. दोन्ही गोष्टी एकाच केबिनमध्ये घडत होत्या. ती भिंतीला तोंड लावून बाळाला म्हणावं तसं मोठ्यानं म्हणाली, "बुपे, गाडीतून आलीस की तुझा पाय ओला असतो गं. गाडीतच कुठंतरी पाणी असेल का?"

पलीकडे बोलणं थांबलं. मग तो खोकला आला, आणि पावलं घाईघाईनं दूर गेली. सुनेचा आवाज कानावर पडला, म्हणून सासऱ्यांनी रीतीप्रमाणं ती जागा सोडली होती. जितका माणूस सभ्य, तितकं त्याला कमी ऐकू येणार, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

नवरा चुन्याच्या खाणीवर होता. फोनवर तो म्हणाला, "म्हणजे मी इथून बापाला सांगू, तुमच्या सुनेला तुमच्या मिस्त्रीपेक्षा जास्त कळतं?"

"माझं नाव घेऊ नका ना. तुमचं म्हणून सांगा."

"मला ते विचारतील, तू गाडी कधी बघितलीस? काय सांगू?" थोडं थांबून तो म्हणाला, "लुटेन्गानो जुना माणूस आहे. होऊ दे त्याला काय करायचंय ते."

गाडी मिस्त्रीकडे गेली. बायकांनी घड डोक्यावरून खालच्या रस्त्यापर्यंत नेले. चिखलात पाऊल रुतलं की आधी मान ताठ करायची, मग पाय उपसायचा. केळीचा चीक मानेवरून उतरून झग्याला लागायचा आणि वाळून काळा पडायचा. सासूबाईंच्या गुडघ्यांनी साथ सोडली. सुबिलागानं त्यांचेही घड वाहिले. तिच्या खांद्यावरची कातडी सोलली, तिथं बाळाच्या झोळीची गाठ बसेना.

गुरुवारी ती मिनीबसनं इस्पितळाला निघाली. बुपेचा पाय प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तिनं रस्त्यापर्यंत छातीशी धरला. बसमध्ये बटाट्याचं पोतं खाली आलं, तेव्हा तिनं पाठ मध्ये घातली, तरी प्लास्टर गुडघ्यापाशी तडकलं. नर्सनं या खेपेला काहीच म्हटलं नाही. नुसती कात्री उचलली. ते जास्त लागलं.

गाडी परत आली तेव्हा सगळं घर अंगणात आलं. मिस्त्रीनं नवं गॅस्केट घातलं होतं आणि रेडिएटरमध्ये या वेळी ओढ्याचं नव्हे, विकतचं हिरवं पाणी भरलं होतं. सासऱ्यांनी इंजिनावर हात ठेवला, गुराच्या पाठीवर ठेवतात तसा. त्या संध्याकाळी उकडलेली केळी आणि घेवडा त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला, असं सासूबाई चुलीपाशी येऊन सांगून गेल्या.

पुढच्या गुरुवारी घाटात सुबिलागानं काचेतून पाहिलं, तर सासऱ्यांच्या हातातलं फडकं पुन्हा फिरत होतं.

इस्पितळात नर्सनं बुपेचा पाय उजेडात धरला. टाच मऊ झाली होती, आणि पांढऱ्या प्लास्टरवर घोट्यापर्यंत फिकट हिरवा डाग चढला होता. काठाकाठानं चिकट.

"हे हिरवं काय लावलंस? पाला?"

सुबिलागानं डागावर बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. गोडसर वास होता. पिकल्या केळ्यासारखा, पण केळ्याचा नव्हे. पाणी कुठं जात होतं ते तिच्या बोटावर होतं.

"ऐक," नर्स या वेळी हळू आवाजात म्हणाली, ते आणखी वाईट होतं. "पाय परत आत फिरायला लागलाय. एका आठवड्याचं काम ओल्या प्लास्टरनं घालवायचं, मग आम्ही काय करायचं? अजून एकदा असं झालं तर पहिल्यापासून. आणि मूल मोठं झालं की मग हातानं होत नाही, कापावं लागतं."

परतताना ताडपत्रीखाली तिनं ग्वाकिसाकडून केबिनमधलं गरम वारं कुठून येतं ते काढून घेतलं, आणि संध्याकाळी सासूबाईंना मोरीपाशी गाठलं.

"आई, गरम वारं जिथून येतं ना, त्या पेटीत इंजिनाचंच गरम पाणी फिरतं. ती पेटी आतून फुटलीय. पाणी जमिनीवर पडतच नाही, तुमच्या पायाशी पडतं. वाफ काचेवर बसते. म्हणून पान कोरडं राहतं."

"माझ्या पायाशी ओलं असतं, पण पावसात चपला ओल्याच असतात की."

"वास नाही येत? गोड?"

"केळ्यांच्या गाडीत केळ्यांचा वास नाही येणार तर कशाचा येईल?"

"आई, तुम्ही त्यांना सांगा. नाहीतर बुपेचा पाय..."

सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला. "काय सांगू? हेड उघडून झालं, ते उगीच उघडलं म्हणून? आणि बाळाला त्या पाण्यात कुणी ठेवलं, असं विचारतील तेव्हा?" त्यांचा चेहरा एकदम लहान झाला. "मी तिला उबेला ठेवत होते गं. पुढच्या वेळी मांडीवर घेते. बस झालं."

मांडीवर घेऊन भागणार नव्हतं. वाफ होती, घाटातले हिसके होते, म्हातारीचे झोपेनं सैल पडणारे हात होते. आणि मागं घडांवर पाऊस होता.

गुरुवारी पहाटे घड भरून झाले. सासरे तोंड धुवायला गेले तेवढ्यात सुबिलागानं केबिनचं दार उघडलं. तिनं डॅशबोर्डखाली, डाव्या हाताला, पेटीच्या बुडाशी हात घातला. बोटं ओली बाहेर आली. मग ती बुपेला घेऊन आत बसली, डोक्यावरून कापड ओढून घेतलं, तोंड दाराकडे केलं आणि तशीच राहिली.

खोकला आला.

ती उतरली नाही.

खोकला पुन्हा आला, जवळून. ग्वाकिसाची शीळ थांबली. "वहिनी," तो हळूच म्हणाला, "वहिनी, मामा आलेत."

"अगं उतर," सासूबाई काचेशी आल्या. "शुद्धीवर आहेस का? त्यांच्या गाडीत बसलीस तू. उतर, मी काहीतरी सांगून निभावते."

सुबिलागाचे हात इतके थंड पडले होते, की बाळानं तिच्या छातीवरून तोंड काढलं. बाजाराची वेळ चालली होती, घड भरलेले होते. सासऱ्यांना आज जागा सोडून जाता येणार नव्हतं. ती कापडाआडून बोलली. आधी बाळाला म्हणून बोलायला गेली, पण ते सोंग तिला जमेना.

"पाणी इंजिन पीत नाही. आत हीटरची पेटी फुटलीय. तिथून गळतं. पोरीच्या प्लास्टरला हिरवा डाग पडला. काच धुक्यानं आंधळी होत नाही, त्या वाफेनं होते. पुसल्यावर फडकं चिकट लागतं."

बाहेर केळीच्या पानांवरून पाणी ठिबकत होतं.

मग बॉनेट उघडल्याचा आवाज आला. पत्रा वर उठला आणि समोरची काच झाकली गेली. सासरे आणि सून, दोघांच्या मध्ये आता भिंत होती.

"दोन पाइप आत जातात," पत्र्यामागून सासऱ्यांचा आवाज आला. इतक्या जवळून तिनं तो कधी ऐकला नव्हता. म्हातारा आवाज होता. "कुठून गळतं?"

"मामा, मी बघतो," ग्वाकिसा म्हणाला.

"तुला नाही विचारलं."

"डाव्या हाताला. पेटीच्या बुडाशी."

"हात लावून बघितलंय कुणी?"

"बघितलंय."

मग पान्याचा आवाज आला, सुरीनं जुनी ट्यूब कापल्याचा आला. त्यांनी आत जाणारे दोन्ही पाइप उपसून काढले, त्यांची तोंडं नळाच्या तुकड्यानं एकमेकांना जोडली, आणि वर रबराच्या पट्ट्या आवळून तारेनं बांधल्या. पेटीला आता पाणी मिळणार नव्हतं. ग्वाकिसानं रेडिएटर भरला. एवढंच काम होतं. बुपेचं दूध पिऊन होईपर्यंत ते झालंसुद्धा.

बॉनेट खाली येण्याआधीच सासऱ्यांनी पाठ फिरवली होती. त्यांनी किल्ली खांद्यावरून मागं धरली.

"तू चालव."

"घाटात? मी?" ग्वाकिसा म्हणाला. "मामा, तुम्ही मला अंगणात वळवू देत नाही."

"चालव म्हटलं ना."

"आणि तुम्ही?"

ते मागच्या फळीवर पाय देऊन घडांवर चढले. गुडघा दोनदा निसटला. ग्वाकिसा हात द्यायला धावला, तो त्यांनी झटकला. सून बसलेल्या जागेशेजारी त्यांना बसता येत नव्हतं, आणि सुनेला कुणी ओढून काढूही शकत नव्हतं.

सासूबाई मधे बसल्या होत्या, हात मांडीत घट्ट धरून. घाट चढताना केबिन थंडगार होती, पण काच स्वच्छ राहिली. वळणावळणांचा सगळा रस्ता दिसत होता. सुबिलागानं मागं वळून पाहिलं नाही. खोकला मात्र ऐकू येत होता, आणि आता तो कुणाला बाजूला व्हायला सांगत नव्हता.

नर्सनं टाचेवर अंगठा दाबला. प्लास्टर टणक होतं. तिनं कात्री घेतली, पाय मोकळा केला, थोडा अजून बाहेर वळवला. बुपे किंचाळली. "हां, आता ऐकतोय," नर्स पायालाच म्हणाली.

परतीच्या वाटेवर सुबिलागाच्या माहेरचा, किविराचा फाटा जवळ आला तेव्हा सासूबाईंनी घसा साफ केला.

"फाट्यावर उतर तू. वडिलांकडे जा."

"हे त्यांनी सांगितलं?"

"त्यांनी कशाला सांगायला हवं? ही रीत आहे. तुझ्या माहेरून दंडाची गाय येईल, ती कापून जेवण होईल, मग तू घरात. तोवर ते घरात जेवणार कसे?"

"माझ्या वडिलांकडं गाय कुठाय, आई? तुम्ही बघितलंय त्यांचं घर."

सासूबाई समोर बघत राहिल्या. "तुझे वडील बघतील काहीतरी. माणसं बघतात." मग हळूच म्हणाल्या, "गुरुवारी गाडी याच रस्त्यानं जाते. पोरीला घेऊन फाट्यावर उभी रहा."

"आणि थांबवतील?"

ग्वाकिसानं ब्रेक लावला. तो इंजिन बंद न करता समोरच बघत बसला, काही ऐकलं नसल्यासारखा. सासूबाईंनी खाली उतरून बाळाला सुबिलागाच्या पाठीवर बांधायला मदत केली, गाठ दोनदा सोडली, दोनदा बांधली. तिच्या सोललेल्या खांद्यावर त्यांचा हात क्षणभर थांबला. मग त्या आत चढल्या.

रिकाम्या गाडीत सासरे केबिनला पाठ लावून बसले होते. गाडी सुटली की त्यांचं तोंड सुनेकडे होणार होतं. त्यांनी ताडपत्री डोक्यावरून खाली ओढली आणि टपावर बुक्की मारली.

गाडी निघाली. सुबिलागा वळणापर्यंत ऐकत राहिली. इंजिन चढावर एकसारखं चाललं होतं, कुठं अडखळत नव्हतं, कुठून वाफ येत नव्हती. आवाज डोंगराआड गेला आणि पावसाचा आवाज त्याच्या जागी आला. वडिलांचं घर फाट्यापासून बरंच वर होतं. तिनं स्वतःच्या डोक्यावरचं कापड सोडलं, बुपेच्या नव्या प्लास्टरला घट्ट गुंडाळलं, आणि उघड्या डोक्यानं चढायला लागली.